इंजिनाची तहान

कोळशाच्या इंजिनाला आपण उगीचच कोळशाचं म्हणत आलो. खरं म्हणजे ते पाण्याचं इंजिन. एक किलो कोळसा जाळायचा आणि सहा-सात किलो पाण्याची वाफ करायची, असा त्याचा संसार. ही वाफ दट्ट्या ढकलून झाली की धुराड्यातून थेट आकाशात! परतफेडीचं नाव नाही. असा खातेदार बँकेत आला, तर कुठला मॅनेजर त्याला चहा विचारील?

रेल्वेनं मात्र त्याच्यासाठी ठिकठिकाणी खाती उघडून ठेवली होती. स्टेशनच्या टोकाला उंच चबुतऱ्यावर लोखंडी टाकी. पंप दिवसभर तीत थोडं थोडं पाणी चढवायचा. अगदी रिकरिंग डिपॉझिट! मग गाडी यायची. फायरमन इंजिनामागच्या टेंडरवर चढायचा, सोंडेसारखा नळ ओढून घ्यायचा आणि निव्वळ उंचीच्या जोरावर हजारो लिटर पाणी काही मिनिटांत खाली! पंपानं थेट भरायचं म्हटलं असतं, तर पॅसेंजरमधल्या मंडळींचे डबे संपून पुन्हा भूक लागली असती.

इंग्रजांना तेवढाही थांबा परवडेना. 1860 साली जॉन रॅम्सबॉटम या इंजिनियरनं वेल्समध्ये रुळांच्या मधोमध लांबलचक उथळ हौद बसवले. धावतं इंजिन खाली पन्हळ सोडून पाणी उचलायचं. लोकल पकडता पकडता चहा पिणारे मुंबईकर त्याच्यापुढे कोण?

आपल्याकडे 1995 साली ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची इंजिनं संपली आणि टाक्या बेकार झाल्या. इंग्लंडात सेटल स्टेशनजवळच्या जुन्या टाकीचं लोकांनी चक्क राहतं घर केलं. आपल्याकडे आधी विचारतात, "वजन किती भरेल?" भंगाराची पावती फाटते, रक्कम जमा होते, हिशेब चोख! फक्त गाडी या आडगावात इतका वेळ का थांबायची, हे नातवाला दाखवायला काही उरत नाही.

नेरळ-माथेरानची छोटी गाडी 1907 साली सुरू झाली. घाट चढताना तिचं इंजिन जिथे पाणी प्यायचं, त्या स्टेशनचं नावच पडलं 'वॉटर पाइप'. पुढे डिझेल आलं, तहान गेली, नाव राहिलं. पण नाव ठेवायला कपाट लागत नाही. टाकीला जागा लागते, दर चार वर्षांनी रंगाचा हात लागतो, आणि तिला भंगार न म्हणणारा एखादा साहेब लागतो. पहिल्या दोन गोष्टींची तरतूद बजेटात करता येते.