थंड मुलखातील डिझेल मोटारी आणि ब्लॉक हीटर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन सिलिंडरमधील हवा दाबतो, दाबाने ती तापते आणि तिच्यात सोडलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये चालवून दाखवलेल्या या इंजिनाची सारी काटकसर या तत्त्वावर उभी आहे आणि कडाक्याच्या थंडीतली सारी अडचणही त्यातूनच येते. उणे ३० अंश तापमानात रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या इंजिनाचा लोखंडी ब्लॉक दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतो. ऑइल काकवीसारखे घट्ट झालेले असते आणि बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरलेली असते. सेल्फ इंजिन फिरवतो, पण इतक्या सावकाश की हवेला पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटायला वेळ मिळतो. अशा सकाळी नवे इंजिनही अडून बसते. झिजलेल्या रिंगांच्या जुन्या इंजिनाची तर गोष्टच वेगळी.

वीज हाताशी येण्यापूर्वी यावर जे उपाय होते ते कष्टाचे आणि धोक्याचे होते. अलास्का आणि उत्तर कॅनडात छोटी विमाने चालवणारे वैमानिक मुक्काम पडताच इंजिनातील ऑइल गरम असतानाच डब्यात काढून घेत. सकाळी ते स्टोव्हवर तापवत, इंजिनावर कनातीचे आवरण टाकून खाली शेगडी पेटवत आणि मग गरम ऑइल पुन्हा भरत. कनातीला आग लागून विमान जाण्याची भीती कायम असे, म्हणून कोणीतरी पहाऱ्याला बसावे लागे. १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात अडकलेल्या जर्मन सैन्याने रणगाड्यांखाली आगी पेटवल्या आणि इंधन जाळत इंजिने रात्रभर चालू ठेवली. ट्रकच्या ऑइल चेंबरखाली निखारे ठेवण्याची रीत सायबेरियात पुढेही दीर्घकाळ चालत राहिली.

यातून सुटकेचा मार्ग अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात निघाला. ग्रँड फोर्क्स हे शहर रेड नदीच्या सपाट खोऱ्यात आहे. उत्तरेचा वारा अडवायला तिथे एकही डोंगर नाही. १९३५ मध्ये अमेरिकी सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची योजना आखली आणि शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्था ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. ग्रँड फोर्क्सची मिनकोटा ही त्यांपैकीच एक संस्था आणि अँड्र्यू फ्रीमन तिचे व्यवस्थापक. सिलिंडरचे हेड ब्लॉकवर आवळून धरणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्याजागी आत विजेचा हीटर असलेला पोकळ बोल्ट बसवायचा, ही त्यांची कल्पना. ८ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांना तिचे पेटंट मिळाले. घरापर्यंत वीज आल्यामुळेच अंगणातले इंजिन तापवता आले. विद्युतीकरणाच्या इतिहासात या लहानशा हीटरला मानाचे पान द्यायला हवे.

पुढे हीटरची जागा बदलली. ब्लॉक ओतताना साच्यातील वाळू काढण्यासाठी बाजूला भोके राहतात आणि ती पत्र्याच्या टोप्यांनी बंद केलेली असतात. त्यांतली एक टोपी काढून तिथे हीटर बसवला, की त्याची दांडी थेट कूलंटमध्ये बुडते. तापलेले कूलंट वर चढते, गार खाली येते आणि हळूहळू सारा ब्लॉक कोमट होतो, म्हणून हा ब्लॉक हीटर. मोटारीसाठी साधारण ४०० ते १००० वॉटचा हीटर पुरतो. रात्रभर वीज जाळण्याची गरज नसते. निघण्यापूर्वी दोन-चार तास पुरे होतात, म्हणून टायमर आले. कॅनडातील विनिपेग, एडमंटन आणि अलास्कातील फेअरबँक्स या शहरांत कचेऱ्यांच्या आणि इमारतींच्या वाहनतळांवर विजेच्या जोडण्या उभ्या राहिल्या. स्वीडन, फिनलंडमध्येही तशीच सोय झाली. मोटारीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर ही या भागांतल्या गाड्यांची ओळखच ठरली.

फ्रीमन यांच्या काळात बहुतेक मोटारी पेट्रोलच्या होत्या. मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार १९३६ मध्येच आली होती, तरी डिझेल मोटारींना मोठी मागणी आली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. मर्सिडीज २४० डी, तसेच अमेरिकेत रॅबिट नावाने विकली गेलेली फोक्सवॅगन गोल्फ डिझेल, या त्या पिढीच्या गाड्या. त्यांच्यात डिझेल मुख्य सिलिंडरऐवजी शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारले जाई. कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खात, म्हणून त्यात बसवलेला विजेचा ग्लो प्लग तापेपर्यंत थांबावे लागे. पण ग्लो प्लग फक्त तो कप्पा तापवतो. घट्ट ऑइल आणि गार लोखंड तसेच राहते. ती उणीव ब्लॉक हीटरच भरून काढतो.

एक गोष्ट मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो आणि ब्लॉक कितीही तापवला तरी टाकीतले इंधन वाहत नाही. त्यासाठी केरोसीन मिसळलेले किंवा खास हिवाळी डिझेल लागते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले, ते याच कारणाने.

गार इंजिन धूर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडते. थंडीत हवा जमिनीलगत कोंडून राहणाऱ्या फेअरबँक्समध्ये त्यामुळे हीटर वापरण्याला आरोग्याच्या कारणानेही उत्तेजन मिळाले. १९९० नंतर थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी इंजिने मोटारींत रुळली आणि ती सुरू होणे सोपे झाले. फिनलंड आणि कॅनडातील काही वाहनतळांवर त्याच जुन्या जोडण्यांवरून आता विजेवरच्या मोटारी चार्ज होतात. जुन्या डिझेल मोटारीला मात्र उणे २५ अंशांखाली आजही ब्लॉक हीटरवाचून भागत नाही.