मोल्येर
(बाप्तिस्मा १५ जानेवारी १६२२ – १७ फेब्रुवारी १६७३). फ्रेंच विनोदी नट व नाटककार. मूळ नाव झाँ-बातिस्त पोकलँ. जन्म पॅरिसचा, वडील राजाच्या पदरी गादीकाम व गृहसजावट पाहत. तो वारसा सोडून त्याने १६४३ मध्ये नाटकमंडळी काढली. कर्जापायी तुरुंगवास घडला. पुढे सुमारे तेरा वर्षे प्रांतोप्रांती फिरती. खरी शाळा हीच. १६५८ मध्ये चौदाव्या लुईसमोर प्रयोग झाला आणि राजाश्रय लाभला. धार्मिक ढोंगाचे वाभाडे काढणाऱ्या ‘तार्त्युफ’वर (१६६४) बंदी आली, ती १६६९ मध्ये उठली. ‘कंजूष’वरून (१६६८) आचार्य अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ लिहिले. ‘काल्पनिक रोगी’ या अखेरच्या नाटकात रोग्याची भूमिका करताना खरोखरीच आजारी असलेला मोल्येर कोसळला, तरी त्याने प्रयोग पुरा केला. काही तासांतच तो वारला. नटाला चर्च सन्मानाने मूठमाती देत नसे. त्यामुळे त्याचे दफन रात्री झाले.