जुने विमान, नवी सळई

मंडळी, जुन्या वाड्याचे कुजलेले वासे बदलले, कौले नवी घातली, तरी आपण त्याला आजोबांचा वाडाच म्हणतो. काम कच्चे झाले तर फार तर पावसाळ्यात घर गळते. पण जुने विमान दुरुस्त करायचे तर तिथे कच्च्या कामाला जागा नाही.

टायगर मॉथ हे ब्रिटिश दुपंखी विमान १९३१ साली पहिल्यांदा उडाले. पुढे अशी आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्याही कितीतरी वैमानिकांनी उडण्याचा श्रीगणेशा यावरच केला. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी, त्यावर ताणून बसवलेले कापड आणि कापडावर डोप नावाचा लेप. गंमत म्हणजे आज उडणाऱ्या टायगर मॉथचे कापड तर मूळचे नसतेच. ते जीर्ण झाले की सोलून काढायचे, आतले लाकूड, सांधे तपासायचे आणि नवे चढवायचे, हा शिरस्ताच आहे.

कापडाचे जीर्ण होणे दिसते तरी. धातूचे तसे नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एकदम तुटते, तसा धातूही वारंवार ताण सोसून थकतो. या विमानात पुढच्या बैठकीखालून आडव्या जाणाऱ्या दोन सळया डावा आणि उजवा खालचा पंख धडाशी बांधून ठेवतात. त्यांचे आयुष्य ठरवून दिलेले आहे: २,००० तास उड्डाण किंवा १८ वर्षे, जे आधी भरेल ते. मग सळई वरून कितीही चांगली दिसो, ती बदलायची.

डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचा पंख हवेतच निखळला. दोघांचा जीव गेला. चौकशीत आढळले की दोन्ही सळया आट्यांच्या जागी आधीपासून तडकत आल्या होत्या. या सळया मूळ कारखान्याच्या नव्हत्या, नंतर कुणी बनवलेल्या पण रीतसर मंजूर झालेल्या होत्या. आणि त्यांची मुदतही संपलेली नव्हती! पुढे तशा सळया इतर विमानांतूनही काढायला लावल्या.

मला यात इतिहासाचा एक धडा दिसतो. २,००० तासांचा आकडा मूळ सळईचा होता. तो नव्या सळईला तसाच चिकटवला गेला. मापे जुळली म्हणून गुण जुळतातच असे नाही. म्हणून जुन्या विमानाच्या नोंदवहीत भाग कधी बसवला एवढेच लिहून भागत नाही. तो कुणी, कशाचा, कसा घडवला हेही लागते. शाळेत आम्ही राजांच्या वंशावळी पाठ करून घ्यायचो. इथे एका सळईची वंशावळ दोन माणसांच्या जिवाइतकी मोलाची ठरली.

असो. जुने जपणाऱ्यांनी जुन्या वह्याही जपाव्यात, एवढेच सांगणे.