पार्लर आणि सलॉन : दोन खोल्यांचा शब्देतिहास

केशरचना व सौंदर्यप्रसाधन यांच्या व्यवसायापुरते 'पार्लर' आणि 'सलॉन' हे इंग्रजी शब्द बहुधा समानार्थी मानले जातात. व्यवहारात मात्र 'सलॉन'ला अधिक प्रतिष्ठा आहे, तर 'पार्लर' काहीसे जुने व घरगुती वाटते. या भेदाचा उगम हे शब्द मुळात ज्या खोल्यांची नावे होते, त्या खोल्यांच्या सामाजिक इतिहासात शोधावा लागतो.

'पार्लर' हा शब्द बोलणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. मध्ययुगीन ख्रिस्ती मठांत मौनाचा नियम असे. आवश्यक ते बोलण्यासाठी आणि बाहेरून आलेल्यांच्या भेटीसाठी राखलेली खोली म्हणजे पार्लर. पुढे मोठ्या घरांतील सामायिक दालनापासून अलग अशी खाजगी संभाषणाची खोली या नावाने ओळखली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील मध्यमवर्गाने तिला घरातील सर्वांत सजवलेली खोली बनविले. पाहुण्यांचे स्वागत तेथेच होई आणि घरात मृत्यू झाल्यास अंत्यदर्शनही तेथेच. अमेरिकेतील 'फ्युनरल पार्लर' या संज्ञेमागे ही प्रथा आहे.

'सलॉन'चे नाव कृतीवरून न पडता आकारावरून पडले. इटालियन 'साला' म्हणजे दालन. त्याचे वर्धितवाचक रूप 'सालोने', त्यावरून फ्रेंच 'सलॉन'. 'साला'चे मूळ जर्मानिक असून प्राचीन इंग्रजीतही त्याचा सगोत्र शब्द होता. म्हणजे इंग्रजीने आपलाच दुरावलेला आप्त पाहुणा म्हणून घरात घेतला! सतराव्या शतकात मार्क्विज द रांबुये (१५८८–१६६५) यांच्या पॅरिसमधील निवासस्थानी साहित्यिक व सरदार एकत्र जमत. अशा मेळाव्यांनाही पुढे 'सलॉन' हेच नाव मिळाले. फ्रेंच कला अकादमीची प्रदर्शने १७२५ पासून लूव्हरच्या 'सलॉन कारे' या दालनात भरू लागली आणि त्या प्रदर्शनांनाही दालनाचेच नाव चिकटले.

व्यापाराने दोन्ही खोल्यांची पत उसनी घेतली. आइस्क्रीम पार्लर व ब्युटी पार्लर या नावांनी दुकानाला घराची सभ्यता दिली. एकटीने सार्वजनिक ठिकाणी जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हे आश्वासन लहान नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी सौंदर्यव्यवसाय श्रीमंत ग्राहकांकडे वळला, तेव्हा घरापेक्षा पॅरिसचे नाव मोलाचे ठरले. एलिझाबेथ आर्डन यांनी १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर थाटलेला व्यवसाय 'सलॉन' म्हणूनच प्रसिद्धी पावला.

'सलॉन'चेच इंग्रजी रूपांतर 'सलून'. अमेरिकेत त्याला मद्यालयाचा अर्थ आला, रेल्वेत तो आलिशान डब्याला लागला, आणि मराठीत केशकर्तनालय या अर्थाने रुळला. येथे मात्र प्रतिष्ठेच्या भेदाची जागा लिंगभेदाने घेतली : पुरुष सलूनमध्ये जातात, स्त्रिया पार्लरमध्ये. अलीकडे शहरांतील 'युनिसेक्स सलॉन'च्या पाट्यांनी ही वाटणी पुसट केली आहे. पण त्यासाठी 'सलून' न लिहिता 'सलॉन' असा फ्रेंच वळणाचा उच्चार परत आणावा लागला.