खेरवाडी ते मोहाडी

नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस-कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखली. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. मागणी साधी होती: पिकवायला आलेला खर्च तरी भरून निघावा.

तीसेक वर्षांनी याच जिल्ह्यात, मोहाडीला, विलास शिंदे आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी ‘सह्याद्री फार्म्स’ उभी केली. मी इंजिनिअर, त्यामुळे मला तिची रचना भावते. २००२ च्या कायदादुरुस्तीने आलेली शेतकरी उत्पादक कंपनी काढायला दहा शेतकरी पुरतात. आणि शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

द्राक्षाला हे मानवलं. प्रतवारी, शीतगृह, पॅकिंग, निर्यात, सगळं शेतकऱ्यांच्या हातात आलं. कांद्याचं तसं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी लादली आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. कारण शहरात कांदा महागला की आपण ओरडतो, आणि दिल्लीला तेवढंच ऐकू जातं. भाव पडतो तेव्हा आपण गप्प असतो.

कंपनी माल साठवेल, विकेल. बंदी उठवायला मात्र रस्त्यावरची संघटना लागते, आणि शहरातून तिला साथ देणारं कुणीतरी. खेरवाडीशिवाय एकटी मोहाडी पुरी पडत नाही.