सरहद्दीवरचे मैदान

आयर्लंडच्या सरहद्दीवर, आर्मा जिल्ह्यात क्रॉसमग्लेन हे छोटे गाव. हात आणि पाय दोन्हींनी चेंडू खेळवायचा गेलिक फुटबॉल हा तिथला जीव की प्राण. १८८७ सालच्या ‘क्रॉसमग्लेन रेंजर्स’ क्लबात पैसे घेऊन कोणी खेळत नाही, गावची पोरे गावासाठी उतरतात. १९७० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने मैदानाला खेटून तळ उभारला, मैदानाचा काही भागही घेतला. खेळ चालू असताना डोक्यावर हेलिकॉप्टरे घरघरत. जमिनीचे उतारे हाताळण्यात नोकरी गेलेल्या माझ्यासारख्याला हे फार लागले. क्लबाने दाद मागितली, पण मैदान सोडले नाही. १९९७ मध्ये अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळाले, २०१२ पर्यंत आणखी पाच. सैन्य २००७ मध्ये गेले; त्या वर्षीचा चषकही क्रॉसमग्लेनकडेच होता.