नुसता शब्दच तर आहे?



गावात एखादीला ‘आंधळी’, ‘लंगडी’, ‘वेडी’ असं नाव पडतं आणि ते जन्मभर चिकटतं. “नुसता शब्दच तर आहे, त्यानं काय होतं?” असं आम्हा बचत गटाच्या बायकांना नेहमी ऐकायला मिळतं. काय होतं, ते जुने कायदे सांगतात.

इंग्रजांनी १८९८ साली महारोग्यांसाठी कायदा केला. कुष्ठरोग झालेला गरीब माणूस रस्त्यावर भीक मागताना दिसला, तर पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकत. पुढे औषधानं हा रोग बरा होऊ लागला, तरी तो कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नाही. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागायची सोय तर २०१९ साली निघाली. म्हणजे तोवर गोळ्यांनी बरी होणारी बाईसुद्धा त्या एका नावापायी संसार गमावू शकत होती.

मनाच्या आजाराचंही तसंच. १९१२च्या कायद्यात ‘वेडा’ याच अर्थाचा शब्द होता. १९८७च्या कायद्यात ‘मानसिक आजारी व्यक्ती’ आली, आणि २०१७च्या कायद्यानं उपचार हा तिचा हक्क ठरवला. वेड म्हटलं की कोंडणं येतं. आजार म्हटला की डॉक्टर येतो.

अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली कायदा झाला, त्यात ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्यात २१ झाले. ‘मतिमंद’ जाऊन ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ आलं. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड, हेही त्यातच आहे.

‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५मध्ये रेडिओवरूनच सुचवला. तो सरकारी कागदांत रुळला. पण अपंगांच्या काही संघटनांना तो पटला नाही. गोड नाव नको, हक्क आणि सोयी द्या, असं त्यांचं म्हणणं. ते आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून आम्ही गटांना सांगतो, आधी तिला नावानं हाक मारा. ताई, काकू, मावशी, जे नातं लागेल ते लावा. स्वतःबद्दल कोणता शब्द वापरायचा, हे तिलाच विचारा. आणि ती कर्ज मागायला आली, की इतरांना विचारता तेवढंच विचारा: धंदा कोणता, हप्ता किती?